पांढऱ्या प्लेटचा भाचा

आमच्या सोसायटीत कोणीही भाड्याने गाडी आणली, की आधी तिच्याखाली पगारे काका जातात आणि मग तिच्यात माणसं बसतात. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. ते आपणहून येतात. काखेत एक जुनी सतरंजी मारून, शर्टाची बटणं लावत तिसऱ्या मजल्यावरून उतरतात, पार्किंगमध्ये ती पसरतात आणि बघता बघता सत्तरीतला हा माणूस पाठीवर सरकत गाडीखाली दिसेनासा होतो. बाहेर उरतात ते दोन पाय आणि एका मोज्याला पडलेलं भोक. थोड्या वेळाने खालून आवाज येतो, "सायलेन्सरला गंज. व्हिडिओ काढतंय का कोणी?"

काकांची सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. दुसऱ्यांनी बनवलेला माल नापास करायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होताना कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, नापास करायला माल मात्र दिला नाही. तो आम्ही इंदिरानगरवाले पुरवतो. स्वतः काकांनी कधी गाडी घेतली नाही. "आपल्या गाडीला ओरखडा पडला तर माणूस नुसता हळहळतो," असं त्यांचं म्हणणं. "भाड्याच्या गाडीला पडला तर सिद्ध करावं लागतं."

हे सिद्ध करण्यासाठी व्हिडिओ. काका मोबाइल दोन्ही हातांत आरतीच्या ताटासारखा धरतात आणि गाडीला सावकाश प्रदक्षिणा घालतात. सोबत धावतं वर्णन. "आज रविवार. प्लेट काळी, अक्षरं पिवळी, म्हणजे स्वतः चालवायला रीतसर भाड्याची गाडी. पुढचा बंपर, डावीकडे ओरखडा, लांबी एक वीत. मागचं दार, खळगा, कोणीतरी कोपर मारलेलं दिसतं. साक्षीदार, सुमनताई." सुमनताई म्हणजे माझी आई. ती आमच्याकडेच असते आणि सकाळी तुळशीला पाणी घालायला खाली उतरते. तिची एवढीच चूक. सोसायटीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आई कुठल्या ना कुठल्या बंपरची साक्षीदार म्हणून उभी आहे, हातात तांब्या आणि कपाळाला आठ्या.

काकांचा दुसरा राग मागच्या सीटच्या बेल्टवर. भाड्याच्या गाडीत बेल्ट असतो, पण त्याचं कुलूप सीटकव्हरच्या खाली कुठेतरी गाडलेलं असतं, कारण ते आजवर कोणी मागितलेलंच नसतं. काका कोपरापर्यंत हात घालून ते उकरून काढतात. त्याबरोबर फुटाणे, केसांच्या पिना, एकदा तर कोणाचीतरी कवळी निघाली. पुढच्या सीटला बेल्टची टिकटिक बंद करायला मालकाने खोटी पट्टी खोचलेली असेल, तर ती काका खिशात घालतात. एअरबॅगच्या झाकणावर देवाची मूर्ती चिकटवलेली पाहिली, की ते हात जोडतात आणि मालकाला फोन करतात. "अहो, अपघात झाला तर फुगा फुगायच्या आधी देव तोंडावर येतील. त्यांना मागे बसवा. बेल्ट लावून."

आणि विमा! भाड्याच्या गाडीची पॉलिसी ते अशी वाचतात, की ऐकणाऱ्याला आपलं मृत्युपत्र ऐकल्यासारखं वाटावं. "टायर यात नाही. काच नाही. गाडीचं पोट दगडाला घासलं, तेही नाही. पहिला खर्च तुमचा. चाकाखाली कोणी आलं तर त्याला आहे, तुम्हाला नाही. मग तुम्ही भरता कशाचे? हॉर्नचे?" शेवटी एक सुस्कारा आणि ते दोन शब्द, "गेला क्लेम!"

हे दोन शब्द काकांच्या तोंडी सतत असतात. दूध उतू गेलं, गेला क्लेम. पंपावर हवा भरायची नळी तुटलेली, गेला क्लेम. आमच्या वॉचमनचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हाही काका म्हणाले, "गेला क्लेम!" आणि मग त्याच्याशेजारी खुर्ची टाकून सगळी दुपार बसून राहिले.

लोकांनी साहजिकच उपाय शोधले. गाडी आता फाटकाशी येत नाही, कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानामागे थांबते. तळमजल्यावरचे कुलकर्णी सहकुटुंब सूटकेसा घेऊन मॉर्निंग वॉकला निघालेले मी स्वतः पाहिले आहेत. काकांनी गॅलरीतून हात केला आणि विचारलं, "किती दिवसांचा वॉक?"

आमचं मात्र असं झालं नाही, कारण आम्ही बेसावध होतो. आईच्या भावाच्या मुलीचा मंगल परिणय पिंपळगाव बसवंतला होता. लग्नसराई, टॅक्सी कुठेच मिळेना. मग माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, ऑफिसातल्या कोणीतरी कोणाचा तरी नंबर दिला आणि सकाळी दारात एक पांढरीशुभ्र मोठी गाडी उभी राहिली. ड्रायव्हर संतोष निफाडकडचा. आल्या आल्या म्हणाला, "ताई, एक सांगून ठेवतो. रस्त्यात कोनी अडवलं तर मी साहेबांचा भाचा हाय. भाड्याचं नाय म्हनायचं."

यात आम्हाला कोणालाच काही वावगं वाटलं नाही. घरगुती पांढऱ्या प्लेटची गाडी गुपचूप भाड्याने फिरवायची, तर हे ओघानेच येतं. आपल्या जिल्ह्यात निम्मी माणसं रस्त्यावर असेपर्यंत एकमेकांची भाचरं असतात. नाक्यावरच्या पोलिसालाही ते माहीत असतं, कारण तो सुट्टीत गावाला जातो तेव्हा तोही कोणाचा तरी मामा होऊनच जातो.

आई नवं लुगडं नेसून मागे बसली. मी डब्याची पिशवी आत ठेवतच होते, तेवढ्यात सतरंजी आली. काकांनी प्लेट पाहिली. गाडीखाली गेले नाहीत. त्यांनी सतरंजीची घडी केली, पुढच्या चाकासमोर ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसले.

"काका, उठा. लग्नाला उशीर होतोय," मिलिंद म्हणाला.

"पांढरी प्लेट म्हणजे घरची गाडी. विमा घरच्या वापरापुरता. भाडं घेतलं की कंपनी हात वर करते. तुझी सासू मागे बसलीय. तिला काही झालं तर कोण देणार? हा?"

"मी भाचा हाय त्यांचा," संतोष म्हणाला.

काकांचा चेहरा एकदम प्रसन्न झाला. अंबड सुटल्यापासून इतका ताजा माल त्यांच्यासमोर आला नव्हता. "असं होय? छान. समजा, मी विमा कंपनीचा माणूस. मिलिंद, हा तुझा भाचा. बहिणीचाच ना?"

"हो."

"तुला बहीण आहे?"

मिलिंदला दोन भाऊ आहेत, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक. "चुलत," तो पुटपुटला.

"हरकत नाही. संतोष, आईचं नाव काय?"

"लिलाबाई."

"मिलिंद, तुझ्या त्या बहिणीचं नाव?"

"लिलाबाई," मिलिंद चपळाईने म्हणाला. क्षणभर आम्ही पास झाल्यासारखं वाटलं. आईनेसुद्धा काच खाली करून मान डोलावली. तेवढ्यात संतोषने घड्याळ पाहिलं आणि मिलिंदच्या दंडाला धरून म्हणाला, "काका, बसा ना आता गाडीत, लय उशीर व्हतोय."

"मामा, आणि त्याला काका म्हणतो?" काकांनी मांडीवर थाप मारली. "गेला क्लेम!"

संतोष भडकला. "असली सवारी नकोच आपल्याला," म्हणत त्याने आईला उतरवलं, गाडी मागे घेतली आणि निघून गेला. पुढे त्याची गाडी कुठे धडकली वगैरे म्हणाल, तर तसं काही झालं नाही. दुसऱ्या कुठल्या तरी वऱ्हाडाचा भाचा होऊन तो पिंपळगावला वेळेवर पोहोचला. आम्हाला पिवळ्या प्लेटची टॅक्सी मिळेपर्यंत दुपार झाली. लग्न लागलं होतं, जिलेबी संपली होती, मठ्ठा होता. आईने तो रागाने दोन वाट्या प्यायला आणि जाहीर केलं, की त्या माणसाने माझ्या भाचीचं लग्न बुडवलं. त्या दिवसापासून तिने काकांचं नाव घेणं सोडलं. त्यांचा उल्लेख ती 'तो सतरंजीवाला' असा करायची.

यंदा आम्ही सुट्टीत काळ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतली, अगदी रीतसर. मीच काकांना हाक मारली, उगाच नंतर बोल नको. काका आले, मोबाइल उचलला आणि सुरू झाले. बंपर, दिवे, दारं, साग्रसंगीत प्रदक्षिणा. फक्त ती प्रदक्षिणा कुलकर्ण्यांनी नुकत्याच विकत घेतलेल्या घरच्या गाडीला होती. आमची तिच्या मागे उभी होती. कुलकर्ण्यांची प्लेट पांढरी, आणि काका ठणकावून सांगत होते, "प्लेट काळी." कुलकर्णी हसले, मिलिंद हसला, मीही हसले. काकाही हसले, पण जरा उशिराने.

आई तेवढी हसली नाही. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "अगं, सतरंजीवाल्याला दिसत नाही."

मग माझ्या लक्षात यायला लागलं. बंपरवरून ते तळहात फिरवायचे, ती मला लकब वाटायची. टायरच्या नक्षीत ते बोट घालून बघायचे. जिना उतरताना कठडा सोडायचे नाहीत. मी त्यांना जवळजवळ ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू, उजवा पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, जितका पिकेल तितका काढायला अवघड, आणि तोवर एकट्याने रस्ता ओलांडू नका.

"माझ्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीत मोतिबिंदूला वेटिंग पिरियड आहे, तो संपेपर्यंत पैसे मिळत नाहीत," काका म्हणाले.

मी शाळेत शिक्षिका आहे, मुलांच्या सबबींवर माझा विश्वास नसतो. पॉलिसी मागून घेतली. वेटिंग पिरियड कधीच संपला होता. मग काका म्हणाले, उन्हाळ्यात जखम चिघळते. पुढे म्हणाले, पावसाळ्यात जंतू फार. ज्या माणसाने सगळ्या सोसायटीला बेल्ट लावायला लावला, तो स्वतः डोळे मिटून रस्ता ओलांडत होता. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

एका संध्याकाळी मी भाजीची वाटी घेऊन वर गेले. काका चहा ओतत होते. कपाच्या कडेवर बोट ठेवलेलं, चहा बोटाला लागला की थांबायचं. बोट लाल झालं होतं. मी ओरडलेच.

"ओरडू नकोस," काका म्हणाले. "दवाखाना म्हणतो नातेवाईक आणा. सही लागते, सोबत कोणी लागतं. बायको गेल्यावर माझं असं कोण आहे? मुलगा, प्रशांत, कॅनडात. सुट्टी मिळाली की येतो म्हणतो. रोज फोन करतो, हां, तसं नाही. पण सुट्टी मिळत नाही त्याला. आता मी त्याला काय सांगू, की तुझ्या सुट्टीपायी मला दिसेनासं झालंय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, "मी येते ना. भाची म्हणून सांगू."

काका ताडकन उठले. "म्हणजे मला पांढऱ्या प्लेटवर नेणार?"

"काका, दवाखाना आहे तो, विमा कंपनी नाही."

"खोटं ते खोटं. उद्या टेबलावर काही झालं आणि त्यांनी विचारलं, ही कोण? मी काय सांगू? जन्मभर लोकांचे खोटे भाचे पकडले, आता स्वतः एक पाळू?" शेवटी पुष्कळ घासाघीस होऊन ठरलं, की जायचं, पण खरं सांगायचं. मी शेजारीण. त्यावर चाललं तर चाललं.

ठरल्या दिवशी पिवळ्या प्लेटची टॅक्सी बोलावली. काकांनी प्लेटला नाक टेकेपर्यंत वाकून खात्री केली, चारही टायर चाचपले, माझा बेल्ट उकरून दिला. काखेत सतरंजी होती. म्हटलं, ही कशाला? म्हणाले, "तुला बाहेर ताटकळावं लागेल. खुर्च्या मिळत नाहीत तिथे."

दवाखान्याच्या टेबलामागे एक तरुण सिस्टर होती. मान वर न करता तिने विचारलं, "पेशंटसोबत कोण?"

"मी."

"कोण लागता?"

काकांनी घसा खाकरला. "शेजारीण आहे."

"शेजारी नाही चालणार बाबा. नातेवाईक पाहिजे. मुलगा कुठंय?"

"बाहेरगावी."

"मग असं करू, मुलगा आला की या. टेन्शन नका घेऊ, पुढची तारीख देते."

ती वाईट बोलली नाही. रोजचं बोलणं ते. पण काका तसेच उभे राहिले. मग हळूच वळले आणि सतरंजी शोधायला लागले. ती त्यांच्या काखेतच होती. ते मला बघवेना.

"सिस्टर, मी भाची आहे त्यांची," मी म्हटलं. "माझ्यावर रागावलेत, म्हणून शेजारीण म्हणतात."

सिस्टर पहिल्यांदा हसली. "आमच्याकडे पण आहेत असे. करा इथे सही."

मी सही केली. सुटल्यासारखं वाटलं आणि त्या भरात मागे वळून म्हणाले, "काका, बसा तुम्ही, झालं."

सिस्टरचं पेन थांबलं. "एक मिनिट. भाची ना तुम्ही? मग हे काका कसे? मामा ना?"

पार्किंगमध्ये उभा असलेला संतोष मला डोळ्यांपुढे दिसला. मनात म्हटलं, गेला क्लेम, आणि तोही ज्याने हा कायदा शिकवला त्याच्याच समोर. आता काका खरं सांगणार आणि आपण उजवा डोळा पुन्हा घरी घेऊन जाणार.

काकांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. तपासणी खात्याच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी बहीण सुमन. तिची ही मोठी मुलगी. बिल्डिंगमधली सगळी पोरं काका म्हणतात, तर हीपण काकाच म्हणते. हजारदा सांगितलं, मामा म्हण. ऐकेल तर शपथ."

"माझी भाची पण अशीच आहे," सिस्टर म्हणाली आणि शिक्का मारला.

काकांना बहीण नाही. एक भाऊ होता, तोही गेला. हे मला माहीत होतं आणि त्यांना तर होतंच. आत नेताना त्यांनी सतरंजी माझ्या हातात दिली.

ऑपरेशन लवकर झालं. डोळ्यावर पट्टी बांधून काका बाहेर आले. घरी निघायला आम्ही टॅक्सीत बसलो. आईचा फोन आला. तिचा आवाज मुळात मोठा, फोनवर दुप्पट.

"झालं का त्या सतरंजीवाल्याचं?"

"झालं, आई. आणि ऐक, तू त्यांची बहीण आहेस." मग मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता लग्न निघणार, जिलेबी निघणार.

"बहीण म्हणाला?" आई म्हणाली. "नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"मग विचार त्याला, रात्री जेवायला येतो का. तिखट कमी घालते म्हणावं. आणि ती सतरंजी बाहेर ठेव म्हणावं."

काकांना सगळं ऐकू गेलं होतं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. पट्टीखालून पाणी गळत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डोळ्याला पाणी येईल. पण ते डाव्या डोळ्यातूनही येत होतं.

सिग्नलला टॅक्सी थांबली. काकांनी हात लांबवून माझ्या खांद्यावरचा पट्टा चाचपला.

"बेल्ट लावलास ना?"

"लावला, काका."

"मामा म्हण."

"आता कोण विचारतंय?"

"उद्या पट्टी काढायला जायचंय. तिथे पुन्हा जीभ घसरेल तुझी. शिवाय डावा डोळा बाकी आहे. तोवर ही पॉलिसी चालू ठेवावी लागेल."

"आणि डावा झाला की?"

काकांनी माझा पट्टा आणखी एकदा ओढून पाहिला. "मुदत संपायच्या आत रिन्यू करायची असते," ते म्हणाले. "एकदा लॅप्स झाली, की माणसाला परत वेटिंग पिरियड लागतो. आता या वयात मला तो परवडायचा नाही गं."

"बरं, मामा," मी म्हटलं.